घर सोडायचं झालं तर काय न्याल?

पुणे, २० जून २०२४

ती. शकुनकाकूस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तू नेमकं शिकते तरी काय?" आणि तेवढ्यात दारात कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं म्हणून तू फोन ठेवलास. आठ वर्षं पीएच.डी. करतेय मी, पण आपल्या घरात हा प्रश्न उत्तर ऐकायच्या तयारीनं पहिल्यांदा कुणीतरी विचारला. तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि अर्धी गल्ली ऐकते, म्हणून माझ्या होस्टेलच्या दिवसांसारखं पत्रच लिहिते.

तर ऐक. जग संपल्यानंतर काय होतं, याच्या गोष्टी असतात. युद्ध होतं, रोगराई येते, समुद्र वर येतो, शहरं ओस पडतात आणि उरलेली चार माणसं कशी जगतात ते लेखक सांगतो. जुन्या दिवाळी अंकांत अशा विज्ञानकथा पुष्कळ पडून आहेत. त्या मी हुडकते, वाचते आणि त्यांच्यावर लिहिते. बाबांना अजून वाटतं की मी हवामान खात्याचं काहीतरी करते.

आता खरी गोष्ट. मला झोप नाही काकू. प्रबंध द्यायची शेवटची मुदत ऑक्टोबरअखेर आहे, ती आता वाढणार नाही. इथल्या एका कॉलेजात कायम जागा निघाली आहे. प्रबंध दिल्याची पावती असेल तरच मुलाखतीला बोलावणार. नाहीतर आहेच, तासावर शिकवणं आणि उन्हाळ्यात घरी बसणं. चार प्रकरणं झाली, पाचवं अडलंय. या सगळ्या गोष्टींत एक प्रसंग हमखास असतो. माणूस घर सोडतो आणि पिशवी भरतो. चाकू, काडेपेटी, पाण्याची बाटली. मी त्यावर पानंच्या पानं लिहिली. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी समासात लाल शाईनं लिहिलं, "लेखकाच्या डोक्यातली पिशवी कळली. माणसांच्या घरातली कुठे आहे?"

मला आपली जुनी आमटोली आठवली. धरणाच्या पाण्यासाठी अख्खं गाव उठलं तेव्हा मी कॉलेजात होते, सामान बांधायलाही आले नव्हते. तू अंगणवाडीच्या कामानं घरोघरी जातेसच. दहा-पंधरा बायांना एवढंच विचारशील? "समजा उद्या सकाळी घर सोडायचं झालं, तर पहिलं काय न्याल?" कशासाठी ते मात्र सांगू नकोस. आधी सांगितलं की लोक विचार करून शहाणपणाची उत्तरं देतात, मला मनातलं पहिलं उत्तर हवंय.

तुझी,
तृप्ती


नवी आमटोली, ता. पवनी, ४ जुलै २०२४

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. मी बोलते तशीच लिहीन, तू प्रोफेसरीण झाली म्हणून मले शुद्ध लिहाले सांगू नको. जग बुडाल्यावर काय होते ते तू शिकते, हे समजलं. पण जग बुडाल्यावर तुले पगार कोण देईन, हे नाही समजलं. असो. तू झोपत जा. जागून कोणाचं पुस्तक लवकर होत नाही.

इकडे धानाचे पऱ्हे टाकून झाले, रोपं लावाच्या रोवण्याले आता पाण्याची वाट हाये. त्यामुळं बाया दुपारी घरी भेटतात. मी वजनकाटा घेऊन निघाली की तुया प्रश्नही विचारून घेते. पहिले तर सगळ्या चमकल्या. "काहून वो बाई, कोणं पाठवलं?" म्हणे. तू सांगू नको म्हटलं होतं, तर मी नेहमीचंच म्हटलं, "वरून आलं हाये." लेकराइचं वजन कराचं वरूनच येते, गोळ्या वरूनच येतात, मंग कोणी पुढं विचारत नाही.

आता उत्तरं घे. चाकू कोणीच नाही म्हटला. सगळ्यात जास्त बाया म्हणल्या, दाराची चौकट. तुले हसू येईन, पण मागच्या बारी सरकारनं भिंतीचे पैसे दिले, चौकटी आपण काढून आणल्या. सागवानाची चौकट पुन्हा कोण घेते? तुया बाबानं नाही का नेली नागपूरले. अजून गॅलरीत पोत्यात बांधून उभी हाये का? एकीनं विजेचं मीटर म्हटलं, ते नावावर कराले तिले दोन वर्षं लागली होती. रुपा म्हणाली मोबाईलचा चार्जर, तिची सासू म्हणाली चार्जर ने, सूनच राहू दे इथं.

कौशल्याबाईनं मले खाली बसवलं. ती कोण ते आठवते ना, तुमच्या बोअरिंगवर पाण्याले येत होती ते, ठेंगणी. म्हणे, "बाई, मागच्या बारी मी सारं आनलं. जातं आनलं, छपराचे कवेलू आनले, गाईचा खुंटा उपटून आनला. शेजार राहून गेला. ह्या बारी मी शेजार नेईन." उषाबाई अन् ती, दोघीच्या मधात एक कुडाची भिंत होती, आगपेटीसुद्धा एकच चालायची. इथं चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले तर कौशल्याबाई पाण्याच्या टाकीजवळ आली अन् उषाबाई बसस्टॉपजवळ. दोघीचेही गुडघे गेले. आता लग्नकार्यात भेटतात, पाहुण्यावानी.

मी हे ऐकलं अन् तिथंच थोडा वेळ बसली. मंग बाकीच्या घरी गेली.

जेवत जा.

तुयी काकू,
शकुन


पुणे, १५ जुलै २०२४

ती. काकू,

तुझं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. "शेजार राहून गेला" इथं त्यांनी मला थांबवलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. आठ वर्षांत त्यांनी माझ्यासमोर चष्मा काढल्याचं मला आठवत नाही. मी त्या रात्रीपासून लिहायला बसले आहे. मी वाचलेल्या एवढ्या गोष्टींत जग संपल्यावर शेजारी म्हणजे तुमचं पाणी चोरायला येणारा माणूस असतो. पिशवीत शेजारी घालून नेणारं कुणीच नाही. पाचवं प्रकरण आता उभं राहतंय.

चौकट आहे गॅलरीत. पोतं केव्हाच फाटलं, आई तिच्यावर टॉवेल वाळत घालते.

एक सांगायचं होतं. कुणी विचारलं तर माझं आणि विद्यापीठाचं नाव घेऊ नकोस. इथली एक कागदी भानगड आहे, निस्तरेन मी. तू काळजी करू नकोस.

आणि तू सगळ्यांची उत्तरं लिहिलीस, स्वतःचं लिहिलंच नाहीस. तू काय नेशील?

तृप्ती


नवी आमटोली, ६ ऑगस्ट २०२४

चि. तृप्तीस, आशीर्वाद.

पत्राले उशीर झाला. पोषण आहाराची माहिती मोबाईलात भराची होती, इथं रेंज टाकीवर चढल्यावर येते, अन् मायं आता टाकीवर चढायचं वय नाही.

गावात एक अजब होऊन राहिलं. लोक घरं बदलून राहिले. खोटं नाही सांगत. सुरुवात एका घरापासून झाली, अन् मंग योगेंद्र, कौशल्याबाईचा लेक, त्यानं ट्रॅक्टर लावला अन् मायले खाटेसकट बसस्टॉपजवळ नेलं, उषाबाईच्या बाजूले. तिथं राहणारे टाकीजवळ आले. घरं तर सारी एकाच मापाची, सरकारी नकाशाची. सकाळी माणसं चहा प्याले निघतात अन् जुन्याच दारात जाऊन उभी राहतात.

मी गोमाजीबुवाले विचारलं, हे काय चाललं? गावात सगळ्यात म्हातारा तोच, अन् जे कोणालेच माहीत नसते ते त्याले माहीत असते. तो मले डोळा मारून म्हणते, "बाई, तू तर आमाले सांगतच नाही. पन आमी ओळखलं. गाव पुन्हा उठनार हाये. अन् ह्या बारी चिठ्ठ्या नाही, घरं जशी उभी हायेत तशीच ओळीनं तिकडं प्लॉट देनार. म्हनून जो तो आपल्या मानसाजवळ सरकून राहिला." हे कोणं सांगितलं, तर म्हणे सांगाले कायले पाहिजे, समजते.

धरणाचं पाणीही यंदा वर येऊन राहिलं, शाळेच्या मागच्या धानाच्या बांध्यांत दिसते. त्यानं अजून भर पडली. दोन घरच्याइनं रोवणा अर्धा सोडून दिला. गावच उठणार तर कशाले रोवाचं म्हणे. हे मले आवडलं नाही. धान गेलं तर ते लोक वर्षभर काय खातीन?

तू मायं उत्तर विचारलं. मायाजवळ काय नेण्यासारखं हाये बाई, दोन पातळं अन् वजनकाटा. मीही इकडं थोडी आवराआवर केली. ते पुढं कधी सांगीन.

शकुन


पुणे, १४ ऑगस्ट २०२४

काकू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला कळतंय ना हे कशामुळे झालं? माझ्या प्रश्नामुळे. अंगणवाडीची बाई दारात उभी राहून विचारते, उद्या घर सोडायचं झालं तर, आणि वर म्हणते, वरून आलंय. एकदा उठवलेल्या गावात ह्याचा दुसरा काय अर्थ होणार होता? मी आठ वर्षं हेच वाचतेय, भीती गावात कशी शिरते आणि कशी पसरते. आणि मीच ती टपालानं पाठवली.

तू ताबडतोब सगळ्यांना सांग. गोष्टी-पुस्तकांचं काम आहे, गाव कुठेही जात नाही, ज्यांचा रोवणा राहिलाय त्यांनी आजच करावा. हात जोडून सांग. तुझं ते ऐकतात.

मी इथं पाचवं प्रकरण उघडते आणि पुन्हा बंद करते. मॅडमना अजून काही बोलले नाही. काय झालं ते लगेच कळव.

तृप्ती


नवी आमटोली, २९ ऑगस्ट २०२४

चि. तृप्तीस, आशीर्वाद.

सांगितलं. घरोघरी जाऊन सांगितलं, चावडीवर उभं राहून सांगितलं. तुयं नाव नाही घेतलं, एका शिकणाऱ्या पोरीचं काम हाये एवढंच म्हटलं. गोमाजीबुवा सगळ्याइच्या समोर म्हणाला, "मागच्या बारीही साहेब असेच हात जोडून म्हनले होते, गाव उठत नाही म्हनून. दोन वर्षांनी पानी आलं." सगळे हसले. अन् दुसऱ्या दिवशी अजून एक ट्रॅक्टर निघाला.

मी हसून सांगितलं तर म्हणतात, बाई लपवते. रागावून सांगितलं तर म्हणतात, बाईवर दबाव हाये. रोवण्याचं तेवढं जमलं. त्या दोन घरच्या बायाइले मी म्हटलं, उठायचंच असन तर उभ्या पिकाचे पैसे जास्त भेटतात. दुसऱ्या दिवशी बांधीत उतरल्या. खोटं बोलली मी, पण धान तर लागलं.

तलाठी आला होता. प्लॉट ज्याच्या नावानं निघाला त्यानंच तिथं राहाचं, असा नियम हाये म्हणते. अदलाबदल केलेल्या घराइची नावं लिहून नेली. कोणं सुरू केलं विचारलं, तर सगळ्याइनं अंगणवाडीकडं बोट दाखवलं. मले एक कागद आला हाये ऑफिसातून. येतच असतात कागद. तू तुया अभ्यास कर.

कौशल्याबाई अन् उषाबाई दिवसभर ओट्यावर बसून भांडतात, मीठ कोणं नेलं ह्यावरून. कौशल्याबाईचा चेहरा भरला. मी तिचं वजन केलं नाही, पण दिसते.

शकुन


पुणे, ९ सप्टेंबर २०२४

काकू,

योगेंद्रला फोन केला. "येतच असतात कागद" असं लिहून तू मोकळी झालीस. अफवा पसरवली म्हणून तुला कामावरून कमी का करू नये, असं विचारलंय त्या कागदात, आणि तू मला त्याची जराही खबर लागू दिली नाहीस. बावीस वर्षं काम केलंस. काकांच्या मागे तुझं घर त्या मानधनावर उभं आहे.

आता माझं ऐक, आणि मला शिव्या दे. मी तुला कागदी भानगड म्हणाले होते ना, ती ही. संशोधनासाठी माणसांना प्रश्न विचारायचे तर विद्यापीठाच्या समितीची आधी परवानगी घ्यावी लागते. कुणाला त्रास होऊ नये, म्हणूनच असते ती. मी घेतली नाही. चार महिने लागतात म्हणून घेतली नाही, आणि मॅडमना घेतलीय म्हणून सांगितलं. तुझ्या अधिकाऱ्यांना मी लिहिलं की प्रश्न माझा होता, तर ते विद्यापीठाला विचारणार. मग पाचवं प्रकरण गेलं, मुदत गेली, ती जागाही गेली. चौतीस वर्षांची झाले मी. पुन्हा तासावर शिकवायला उभं राहायची भीती वाटते. रोज पहाटे छातीत धडधडून जाग येते.

तू थोडं थांबशील? खुलाशाला ऑक्टोबरअखेरपर्यंत वेळ मागून घे. आजारी आहे म्हण. एकदा प्रबंध दिला की मी स्वतः येऊन सगळं सांगेन. शपथ.

तृप्ती


पुणे, ११ सप्टेंबर २०२४

काकू,

परवाचं पत्र फाडून टाक. पेटीत टाकल्यावर पोस्टासमोरच्या चहाच्या टपरीवर मी तासभर बसले होते, पेटी उघडायला कुणी येतं का बघत. मला माझी लाज वाटली.

तुझ्या भंडाऱ्याच्या अधिकारी मॅडमना आज स्पीडपोस्टनं पत्र पाठवलंय. प्रश्न माझा, लपवायला मीच सांगितलं, शकुनबाईंचा दोष नाही, असं स्पष्ट लिहिलंय. त्याची प्रत विद्यापीठाला दिली. आमच्या मॅडमना तोंडानं सांगितलं.

तू काही कबूल करू नकोस.

तृप्ती


नवी आमटोली, २४ सप्टेंबर २०२४

चि. तृप्तीस, अनेक आशीर्वाद.

नदी चढली होती. भंडाऱ्याजवळ कारध्याले जुना पूल पाण्याखाली गेला, आमच्या इकडचा रस्ताही बंद. पोस्टमन पूर उतरल्यावर आला अन् तुयी दोन्ही पत्रं एकदमच हातात दिली. थांब म्हणणारं अन् फाड म्हणणारं. मी दोन्ही ठेवली. फाडाचं काय त्यात? घाबरलेल्या माणसानं लिहिलं होतं, अन् दोन दिवसांनी त्याच माणसानं आवरून घेतलं.

पण पोरी, तुयं थांब वाचाले मी थांबलीच नव्हती. रस्ता खुलल्याबरोबर, पोस्टमन यायच्या आधीच भंडाऱ्याले जाऊन आली होती. मॅडमच्या समोर उभी राहून म्हटलं, मॅडम, गाव माया मुळं हललं, जे कराचं ते मले करा. त्याइनं टेबलावरून एक पाकीट उचललं, तुयं. म्हणाल्या, "पुण्याची ही मुलगी म्हणते दोष तिचा. तुम्ही म्हणता तुमचा. आधी घरी ठरवून या." मी म्हटलं, ती पोरगी अर्धंच जाणते.

ते अर्धं आता तुले सांगते.

प्रश्न विचारून कोणी घर बदलत नाही. मी वर्षाले दहा प्रश्न विचारते, संडास हाये का, गॅस हाये का, कोणी संडास उचलून नेला का? लोक हलले ते मी हलली म्हणून. तुले लिहिलं होतं ना, सुरुवात एका घरापासून झाली. ते घर मायं.

कौशल्याबाईनं शेजार म्हटलं त्या दिवशी मी घरी आली, अन् तुया प्रश्न मले मीच विचारला. तुमच्या अन् आमच्या घराले मधात एकच भिंत होती. तू तिकडून पाढे म्हणायची अन् चुकली की मी इकडून भाकरी थापता थापता सांगायची. तुया काका गेला त्या वर्षी तुयी आई रोज रात्री भिंतीवर थाप मारायची, झोपली का म्हणून, अन् मी इकडून मारायची. इथं चिठ्ठी निघाली तर माया प्लॉट रोडवर अन् तुया बाबाचा शेवटच्या गल्लीत. तो नागपूरले निघून गेला, प्लॉट रिकामाच राहिला. आज इतकी वर्षं झाली, मी रोडवरच्या घरात राहते अन् कोणाच्याच भिंतीवर थाप मारत नाही.

तर मी शेवटच्या गल्लीतल्या हर्षाले म्हटलं, तुले दुकान टाकाचं हाये ना, मायं रोडवरचं घर घे अन् तुयं मले दे. तिचं घर तुमच्या रिकाम्या प्लॉटच्या लागून हाये. तिनं मले दोनदा विचारून घेतलं. रोडवरचं घर सोडून मागच्या गल्लीत कोण येते? लोकाइनं पाहिलं, आठ दिवसांआधी घरोघरी विचारत फिरली अन् आता स्वतःच रोड सोडून चालली. म्हणे बाईले काहीतरी माहीत हाये. बस, तिथून ट्रॅक्टर निघाले.

तुले सांगाची लाज वाटली. तू पुण्याले एवढ्या मोठ्या कामात, अन् काकू एका रिकाम्या प्लॉटच्या बाजूले राहाले जाते.

मॅडमनं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हेच ग्रामसभेत सांगा. मी सांगितलं. गोमाजीबुवाच उठून म्हणाला, "हे खरं वाटते. मानसाजवळ मानूस ठेवाचं, असं सरकार कायले करीन?" अन् त्या दिवसापासून गाव उठायची गोष्ट बंद झाली. मले ताकीद भेटली, काम राहिलं. पण घर परत बदलाले कोणीच तयार नाही. सगळ्याइनं मिळून अर्ज केला हाये, आमच्या राजीखुशीनं बदलले, तसेच नावावर करा म्हणून. तलाठी डोकं धरून बसला हाये.

तुया परीक्षेचं काय झालं ते लिही. तुमच्या प्लॉटवर मी वाल लावला, शेणखत टाकलं, चांगला चढला हाये. तुया बाबाले सांग, त्याले न विचारता लावला.

शकुन


पुणे, १९ ऑक्टोबर २०२४

ती. काकू,
साष्टांग नमस्कार.

पाचवं प्रकरण काढून टाकावं लागलं. समितीनं लेखी माफी घेतली आणि चार प्रकरणांवर प्रबंध द्यायला परवानगी दिली, पण ती कागदपत्रं होईपर्यंत मुलाखत होऊन गेली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढच्या वर्षीही मी तासावरच शिकवणार. त्या दिवशी मी खूप रडले, आणि मग भूक लागली म्हणून जेवले. पहाटेची धडधड अजून आहे. पण ती आता नोकरीची आहे, तुझ्या काळजीची नाही, हे एक बरं झालं. मॅडम म्हणाल्या, रीतसर परवानगी काढ आणि ते प्रकरण वेगळं पुस्तक म्हणून लिही. तेव्हा तुलाही विचारीन, नाव घालू का म्हणून.

तुझं पत्र मी नागपूरला जाऊन बाबांना वाचून दाखवलं. भिंतीवरच्या थापेचं वाचलं तेव्हा आई उठून आत गेली. बाबांनी विचारलं, "वाल कोणता लावला, काळा की पांढरा?" मी म्हटलं, तिनं लिहिलं नाही. तर म्हणाले, "जाऊनच पाहावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत ठोकाठोक ऐकू आली. आईचे टॉवेल बाजूला करून बाबा चौकटीचे खिळे काढत होते. एका पायाला थोडी वाळवी लागलीय, बाकी साग शाबूत आहे. दिवाळीच्या आधी आम्ही तिघं टेम्पोतून येतोय. चौकट प्लॉटवर उभी करायची, तुझ्या भिंतीच्या बाजूनं. खोली पुढे हळूहळू बांधू, पैसे येतील तशी. वाल तोडू नकोस, तो चौकटीवरच चढवू.

एवढं एक काम कर. आम्ही यायच्या आधी गोमाजी आजोबांच्या घरी जा आणि कोण येतंय, कशासाठी येतंय ते सगळं नीट सांगून ठेव. नाहीतर टेम्पोत चौकट बघून परत ट्रॅक्टर निघतील.

तुझी,
तृप्ती